घेवड्यातला अक्रोड

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच "जेवलास का?" विचारतेस आणि मूळ मुद्दा राहून जातो. जेवलोय. आता ऐक.

सहा वर्षं मी ज्या घेवड्याच्या मागे लागलोय, त्याचं काम संपत आलंय. तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगतो. घेवड्यात प्रथिनं भरपूर, पण त्यांत शरीराला लागणारा एक घटक कमी पडतो. ज्यांच्या ताटात अंडं, दूध, मांस असतं त्यांचं काही अडत नाही. ज्यांच्या नसतं त्यांची मुलं पोटभर खाऊनही काटकुळी राहतात. तो घटक अक्रोडाच्या एका प्रथिनात ठासून भरलेला आहे. म्हणून ते प्रथिन बनवणारं जनुक आम्ही अक्रोडातून उचललं आणि घेवड्यात बसवलं. दाणा दिसतो तसाच, शिजतो तसाच.

अक्रोड म्हटल्यावर तुला लेक आठवली असणार. म्हणूनच लिहितोय. ज्यांना अक्रोड चालत नाही अशांच्या रक्तावर आमच्या घेवड्याची चाचणी झाल्याशिवाय पुढची परवानगी नाही. आठ माणसं मिळाली आहेत, नववी हवी. खारूताईचं चमचाभर रक्त देशील? तुमच्याच दवाखान्यात काढतील, बर्फातून इकडे येईल. तिच्या तोंडात काही घालायचं नाही. तिचं नाव मी "खारूताई" ठेवलं तेव्हा कुणाला ठाऊक होतं की ह्या खारीला अक्रोडाचा वासही सोसणार नाही!

मला काळजी वाटत नाही. अक्रोडात कितीतरी प्रथिनं असतात, त्यातलं आम्ही एकच घेतलंय. नेमकं तेच बाधणारं निघेल, असं कशाला?

आणि सप्टेंबरात तुला दिलेल्या त्या दोन मुठी बिया डबीतच असू देत. खरं तर एकही दाणा संस्थेबाहेर जायला नको होता. राहवलं नाही, तुला दाखवायच्या होत्या. कुठे बोलू नकोस आणि रुजवू तर अजिबात नकोस.

तुझा,
ढब्बू

---

१० फेब्रुवारी

ढब्बू,

रक्त देऊ. खारूताईला विचारलं. म्हणाली, "मामाचं काम अडलंय तर घे म्हणावं, पण सुई बारीक हवी." अकरा वर्षांची आहे, पण अटी घालते वकिलासारख्या.

तुझं पत्र मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाचलं, बटाटे उकडेपर्यंत. नव्वद मुलं जेवतात माझ्या हातचं. वसतिगृहात दूध आठवड्यातून दोनदा येतं, अंडी आली तर आली. मुलांचे हात बघितलेस ना तू? मनगट दोन बोटांत धरावं तर बोटं एकमेकांवर चढतात. त्यामुळे तुझा घेवडा ज्यांच्यासाठी आहे ती माणसं मला पुस्तकातून माहीत करून घ्यायची गरज नाही.

पण एक विचारते. आमचे गाण्याचे सर म्हणतात, असलं खाल्लं तर माणसाला शेपटी फुटेल. मी म्हटलं, "सर, तुम्हाला फुटली तर आम्हाला नवल नाही वाटणार." सगळे हसले. मग मात्र ते जे म्हणाले ते डोक्यातून जात नाही. "बाई, आज बी ते देतील, उद्या दरवर्षी त्यांच्याच दारात उभं राहावं लागलं तर?" ह्याला काय उत्तर आहे? आणि तुम्ही तपासता ते कुणासमोर? तुम्हीच स्वयंपाकी आणि तुम्हीच चव बघणारे, असं तर नाही ना?

डबी जागेवर आहे. सारखं सारखं विचारू नकोस, चोराच्या मनात चांदणं.

हे बसच्या फेऱ्यांवर आहेत, आठवड्यातून दोन दिवस घरी. तुझी आठवण काढतात.

ताई

---

५ मार्च

प्रिय ताई,

रक्त नीट पोचलं. चाचण्या सुरू आहेत. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि निकाल बाहेरची समिती तपासते. तेव्हा चव बघणारे आम्ही एकटे नाही.

तुझ्या सरांना सांग, शेपटीची गोष्ट खोटी, दाराची खरी. बी कुणाच्या मालकीचं, यावर आमच्याकडेही भांडणं होतात. आमचा घेवडा संस्थेचा आहे, लोकांनी घरचं बी राखून पुन्हा पेरावं असंच ठरलंय. पण सगळीकडे असं नाही. तणनाशक सोसणारी पिकं आली, लोकांनी तेच औषध वर्षानुवर्षं मारलं, आणि आता तणही त्याला दाद देत नाही. हेही झालंय. आणि विषाणूनं बसलेले पपईचे मळे ह्याच विद्येनं पुन्हा उभे राहिले, हेही झालंय. सगळ्याला एकाच मापाने मोजता येत नाही, एकेक पीक वेगळं तपासावं लागतं.

फाटकाबाहेर रोज माणसं फलक घेऊन उभी असतात. त्यातली एक म्हातारी मला रोज विचारते, "तू तुझ्या घरच्यांना घालशील का हे?" मी मान डोलावून आत जातो. आत आल्यावर हात दोनदोनदा धुतो, काहीही कारण नसताना. कामात लक्ष नाही. जिन्यावरून खालीवर करतो. परवा काचेची नळी हातातून सुटली, आमच्या प्रमुखांनी झाडू आणून माझ्या हातात दिला.

निकाल पंधरा दिवसांत.

ढब्बू

---

२० मार्च

ताई,

घाईत आहे. त्या डबीतल्या बियांना बुरशी लागली असणार. इथल्या त्याच वेळच्या बियांना लागलीय. उकळत्या पाण्यात टाक आणि खोल पुरून टाक. खारूताईला हात लावू देऊ नकोस. पत्र मिळताच कर.

बाकी ठीक.

ढब्बू

---

२४ मार्च

ढब्बू,

आता रागावू नकोस. रविवारी तुझा वाढदिवस, त्या दिवशी फोन करून तुला चकित करायचं ठरवलं होतं, पण तुझ्या बुरशीने माझी मजा घालवली. तेव्हा आत्ताच सांगून टाकते.

डबी जागेवर आहे असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. डबी आहे. बिया नाहीत. ऑक्टोबरात मी त्या स्वयंपाकघरामागच्या वाफ्यांत लावल्या. दीडशे वेल, काठ्यांवर चढवलेले. काय चढले रे! खिडकीतून वाफ येई तिथे तर पानं हाताएवढी. तू म्हणालास रुजवू नकोस, तोवर शेंगा वाळून घरात आल्या होत्या. सोळा किलो दाणा निघाला. एकाही दाण्यावर डाग नाही, हाताने निवडलाय. तेव्हा बुरशी तुझ्याकडे असेल, माझ्याकडे नाही.

ह्या महिन्याच्या सुरुवातीपासून आठवड्यातून दोनदा सूपमध्ये घालते. मुलं वाडगे पुसून ठेवतात. एक मुलगा तेवढा तोंड वाकडं करतो, ओठ चुरचुरतात म्हणतो. त्याचे नखरे मला पाठ आहेत, त्याला गाजरही चुरचुरतं.

चुकलं असेल तर पदरात घे. पण ढब्बू, सहा वर्षं तू कागदावर जे मांडतोस, ते मी नव्वद वाडग्यांत वाढलं. तुला बघायला मिळायला हवं होतं.

खारूताई शाळेत जेवत नाही, घरचा डबा नेते, म्हणून तिने अजून चाखलेला नाही. निकालाचे पंधरा दिवस उलटले आणि तू "बाकी ठीक" लिहिलंस, म्हणजे अक्रोडाची धास्ती गेली. रविवारी घरी करणार आहे. मामाच्या नावाने.

ताई

---

३० मार्च, दवाखाना

ढब्बू,

ती वाचली. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. सूप, घेवडा, कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडचा पाव. चारपाच चमचे खाल्ले असतील. म्हणाली, "आई, जीभ खाजतेय." मी म्हटलं, गरम असेल. मग ओठ सुजले. मग ती बोलेना, नुसती बोटाने गळा दाखवायला लागली. अक्रोड बाधला तर मांडीत द्यायची सुई कपाटात होती, ती ह्यांनी दिली, मी खारूताईला घट्ट धरलं. एरवी हे बस जपून चालवतात, तशी गाडी त्या दिवशी चालवली नाही त्यांनी, मी डोळे मिटून तिचं डोकं धरून बसले. दवाखान्यात नळी घातली. दोन दिवस घशात नळी होती. आता बसते, पाणी पिते.

डॉक्टर विचारतात, अक्रोड कुठून आला? मी घरात अक्रोड आणत नाही हे तुला ठाऊक आहे. घेवड्याचं तू "बाकी ठीक" लिहिलं होतंस, मग पावातच असणार. सोमवारी मी भट्टीवाल्याच्या दुकानात गेले आणि दहा गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणत होता, "ताई, माझ्या भट्टीत अक्रोड येतच नाही." मी ऐकलं नाही. पीठ लागलेल्या हातांनी तो एकेक पोतं उघडून दाखवत होता.

मंगळवारी शाळेतून कारकून आला. तुझा फोन आला होता म्हणे. घेवडा ताबडतोब थांबवा, बुरशी आहे, असं सांगून ठेवलंस. थांबवलाय. तेव्हापासून मी जाग्यावर नाही. तू आधीच कळवलं होतंस, मी शहाणपणा केला. माझ्याच हाताने मी पोरीला विष घातलं, असं सारखं वाटतं. हे माझ्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे तेही तसंच समजतात.

पण डॉक्टर म्हणतात, बुरशीने सहसा असं होत नाही. तू शिकलेला आहेस. मला नीट सांग. बुरशीने गळा सुजतो का?

ताई

---

३ एप्रिल

ताई,

नाही. बुरशीने नाही. बुरशी नव्हतीच.

मी हे पत्र चार वेळा सुरू केलं. आता जसं झालं तसं लिहितो.

अठरा मार्चला निकाल आला. नऊपैकी आठ जणांच्या रक्ताने आमचा घेवडा अक्रोड म्हणून ओळखला. ओळख पटली की चाचणीच्या कागदावर डाग उमटतो, सगळ्यांत गडद डाग पाच नंबरला. पाच नंबर कुणाचा हे कुणाला माहीत नसतं, पण खारूताईच्या रक्ताची बर्फाची पेटी मीच उघडली होती, आत पाचचा आकडा होता. म्हणजे आम्ही उचललेलं एकच प्रथिन नेमकं बाधणारं निघालं. शिजवूनही ते जात नाही.

प्रमुखांनी त्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि काम बंद केलं. एकीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि नीट जोडी लावली. मी आपल्या खुर्चीवर बसलो आणि मला तुझी डबी आठवली.

खरं लिहिलं असतं तर बाधणाऱ्या बिया बाहेर गेल्याचं लिहावं लागलं असतं. पत्र कुणाच्या हाती पडलं तर नोकरी गेली, आणि फाटकाबाहेरच्या माणसांच्या हाती तर पुढची दहा वर्षं गेली. मला वाटलं, बिया डबीत आहेत, बुरशी म्हटलं की ताई फेकून देईल. विषय संपेल. तुझं चोवीस तारखेचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. मी आधी घरी फोन केला. दाजींनी उचलला, दवाखान्याचं सांगितलं. त्या क्षणी सांगायचं होतं मी. "काळजी घ्या," एवढंच म्हणालो. मग शाळेत फोन लावला आणि पुन्हा बुरशीच सांगितली. जीभ त्याच खोट्यावर घसरली.

तू विष घातलं नाहीस. भट्टीवाल्याने काही केलं नाही. बिया मी दिल्या, निकाल मी लपवला.

डॉक्टरांना आज वेगळं पत्र पाठवलंय, निकालाच्या प्रतीसह. मघाशी प्रमुखांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाहेर किती?" म्हणाले. म्हटलं, दोन मुठी, आणि आता सोळा किलो. "मूल कसं आहे?" हे त्यांनी त्यानंतर विचारलं, आणि मग माझ्यासमोर कागद सरकवला. "इथेच बसा. सगळं लिहून काढा. तुमच्या बहिणीचं नाव घालू नका, शाळेचं घालावं लागेल." वाफे खणायला माणसं येतील. त्यांना अडवू नकोस.

क्षमा मागायला तोंड नाही.

ढब्बू

---

१० एप्रिल

ढब्बू,

माणसं आली होती. पांढरे झगे, तोंडाला फडकी. वाफे कमरेइतके खणले, माती पोत्यांत भरली, माझ्या फडताळातले दाणे वजन करून नेले. मुलं खिडक्यांना लोंबकळून बघत होती. एकीने विचारलं, "बाई, घेवडा मेला का?"

मोठ्या बाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं, माणसं यायच्या आत. विचारल्याशिवाय मुलांच्या ताटात नवीन काही घातलं, हा माझा गुन्हा, तो तुझ्यावर ढकलत नाही. महिनाभर मला चुलीपाशी जायचं नाही, भांडारात बसायचं. बसते.

ओठ चुरचुरतात म्हणणारा तो मुलगा. डॉक्टरांनी तपासलं. त्यालाही अक्रोड बाधतो, कुणाला पत्ताच नव्हता. तीन वेळा मी त्याला दटावून सूप प्यायला लावलं होतं. त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तो सांगत होता ना तुम्हाला?"

भट्टीवाल्याकडे गेले. गिऱ्हाइकं असतानाच गेले, कारण बोलले होते तेही गिऱ्हाइकांसमोर. त्याने ऐकून घेतलं, पाव कागदात गुंडाळून दिला. त्या आठवड्यात त्याची निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती अजून परतलेली नाहीत.

गाण्याचे सर आता म्हणतात, ही सगळी प्रयोगशाळाच पेटवून द्यायला हवी. मी म्हटलं, "सर, घेवडा बाधतो हे त्या प्रयोगशाळेनेच शोधलं, तुम्ही नाही. आणि निकाल आला तेव्हा एकजण सोडून सगळे खरं बोलले." तो एकजण माझा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्या बियांचा राग मला फारसा नाही. त्या मीच मातीत घातल्या. पण तुझ्या बुरशीने माझा घात केला. अठरा तारखेला तुला कळलं होतं आणि चोवीसला मी आनंदाने दाणे निवडत बसले होते. मधे एक खरं वाक्य हवं होतं, तेवढंच.

बावीसला, शनिवारी चार वाजता पालकांची सभा आहे. तुझं पत्र मी वाचून दाखवणार नाही. ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

ताई

---

१४ एप्रिल

ताई,

येतो. मला कामावरून दूर केलंय, तेव्हा रजा काढायला नको.

ढब्बू

---

२४ एप्रिल

ढब्बू,

तू मागच्या दाराने निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

तू बोलत होतास तेव्हा मी भांडाराच्या दारात उभी होते. तू चांगलं बोललास असं म्हणणार नाही. आवाज चिरकत होता, दोनदा अडलास. पण कुठे आडपडदा ठेवला नाहीस. ओठ चुरचुरणाऱ्या त्या मुलाच्या बापाने तुला जे म्हटलं ते तू मान खाली न घालता ऐकलंस, हे मी पाहिलं. तो उठून आला तेव्हा मी दोन पावलं पुढे झाले होते. तुला दिसलं नसेल.

तू गेल्यावर सरांनी ठराव मांडला की असलं अन्न ह्या शाळेत कधीही येऊ नये. हात वर व्हायला लागले. तेव्हा मागून एक बाई उठली, इस्पितळात कपडे धुण्याचं काम करते ती. म्हणाली, "माझ्या मुलीला दूध पचत नाही. अंडं बघितलं की उलटी करते. तो घेवडा मात्र वाडगाभर खायची. तो वाईट निघाला, बरं झालं काढलात. पण तिला आता काय घालू ते सांगा, मग मी हात वर करते."

ढब्बू, कुणाकडे उत्तर नव्हतं. सरांकडे नव्हतं, मोठ्या बाईंकडे नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच. तुझ्याकडेही नसेल, पण तू तिथे असायला हवा होतास. शेवटी ठराव बदलला. परवानगी आणि तपासणीचे कागद पालकांनी स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही नवीन अन्न चुलीवर चढणार नाही. सरांनीही हात वर केला, कुरकुरत.

खारूताई शाळेत जायला लागली. जेवताना प्रत्येक घास आधी जिभेच्या टोकावर धरून बघते. मी बघते आहे असं कळलं की पटकन गिळते. ही सवय जाईल असं डॉक्टर म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. तुझ्याबद्दल तिने एकदाच विचारलं, "मामाला माहीत होतं का?" मी खरं सांगितलं. तिने वही पुढे ओढली. तिचं तुझ्याशी काय ते तीच ठरवेल, मी मधे पडणार नाही. हे अजून तुझं नाव काढत नाहीत.

मीही तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही, तेही ठाऊक नाही. पण शनिवारी तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं आणि तू दिवसभराचा उपाशी निघून गेलास, ते मला दोन दिवस खातंय. पुढच्या वेळी जेवून जा. उपाशी माणसावर मला धड रागावताही येत नाही.

ताई